कापसाच्या दिवसांत घरातली जपमाळ

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. आदिलाबादकडच्या नार्नूर भागात तोच सोयाबीन काढण्याचा आणि कापसाची वेचणी सुरू होण्याचा महिना. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईला संध्याकाळी पुन्हा गुडघे टेकायला सांगणं सोपं नाही. म्हणून ही कृती थकलेल्या घरासाठी लिहिते आहे.

वेळ जेवणाआधीची धरा. हातपाय धुऊन झाले, चुलीवर डाळ शिजते आहे, तेवढ्यात बसा. जेवल्यावर मुलं लगेच झोपतात. मरियेच्या तसबिरीशेजारी क्रूस हवाच. समोर मेणबत्ती किंवा दिवा लावा. ज्याची कंबर दुखते त्याने भिंतीला टेकून बसावं.

माळेत ५३ लहान आणि ६ मोठे मणी असतात. माळ नसली तर सुतळीला दहा गाठी मारा आणि तीच सुतळी पाच वेळा फिरवा. तीही नसेल तर दोन्ही हातांची बोटं दहाच आहेत.

आता सुरुवात. क्रूसाची खूण करून विश्वासांगीकार म्हणा. मोठ्या मण्यावर ‘आमच्या बापा’, पुढच्या तीन लहान मण्यांवर श्रद्धा, आशा आणि प्रीती मागत तीन वेळा ‘नमो मरिया’, मग त्रित्वाचा गौरव. त्यानंतर दिवसाची रहस्यं: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. त्यात येशूचा बाप्तिस्मा आहे, काना गावातलं लग्न आहे. प्रत्येक रहस्याला एक ‘आमच्या बापा’, दहा ‘नमो मरिया’ आणि एक गौरव. अशी पाच रहस्यं.

‘नमो मरिया’ दोन बाजूंत वाटून म्हणायची असते. पहिला अर्धा भाग एकाने, दुसरा बाकीच्यांनी. पहिल्या भागात गाब्रिएल दूताचं अभिवादन आणि अलिशिबेचे शब्द आहेत, दोन्ही लूकच्या शुभवर्तमानातले. दुसऱ्या भागात आपण मरियेला आपल्यासाठी विनंती करायला सांगतो, आता आणि मरणाच्या घडीला. दोन्हींच्या मध्ये येशूचं नाव येतं. तिथे क्षणभर थांबा. मुलांना एवढं एकच शिकवा, बाकीचं ती ऐकून ऐकून शिकतात.

घरात दोन भाषा असतील, तर ती अडचणही या वाटून म्हणण्यात सुटते. आदिलाबादचा धर्मप्रांत १९९९ साली चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. दोन्ही सिरो-मलबार परंपरेचे, आणि लोक मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी बोलणारे. सासू मराठीत सुरू करत असेल आणि सून तेलुगूत उत्तर देत असेल, तर देऊ द्या. मणी दोघींचा एकच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. रहस्याचं नाव घेतल्यावर लगेच दहा मणी ओढायला लागू नका. त्या रहस्याशेजारी घरातली एक गोष्ट ठेवा, मोठ्याने, एका वाक्यात. दुसऱ्या आनंदाच्या रहस्यात मरिया डोंगराळ मुलुखातल्या गरोदर अलिशिबेच्या घरी जाते आणि सुमारे तीन महिने राहते. तेव्हा वस्तीतल्या दिवस भरत आलेल्या बाईचं नाव घ्या. तिच्या घरी पाणी कोण भरतं, हेही विचारा. हरवलेला येशू मंदिरात सापडतो त्या रहस्यात हैदराबादला कामाला गेलेला मुलगा, ज्याचा आठ दिवस फोन नाही. क्रूस वाहण्याच्या रहस्यात कर्जाचा हप्ता. अशा घरात माळ पाठांतर राहत नाही. आईसमोर माणसं बोलतात तसं बोलणं होतं.

शेजारीण विचारेल, ही तुमची देवी का? आदराने आणि सरळ उत्तर द्या: नाही. आराधना एका देवाची. मरिया आमची आई, तिचा मान मोठा, पण तीही आमच्यासारखी त्याच्याकडेच मागते. कानाच्या लग्नात द्राक्षरस संपला हे तिने पाहिलं, मुलाला सांगितलं, आणि वाढप्यांना तो सांगेल तसं करायला लावलं. मरियेची भक्ती म्हणजे काय, हे मला या प्रसंगाइतकं दुसऱ्या कशातून कळलेलं नाही. दुसऱ्याच्या घरातली उणीव तिला आधी दिसते.

पाच रहस्यं जमत नसतील तर एक म्हणा. चारेक मिनिटं लागतात. पण ते घाईने नको, आणि रोज हवं. शनिवारी सवड असली तर शेवटी मरियेची लितानी जोडा. १ ते ८ सप्टेंबरचा आठ दिवसांचा उपास केरळकडून आलेल्या परंपरेतला. तो धरणाऱ्या घरात याच माळेला त्या दिवसांत एक जास्तीचं रहस्य लावता येतं.

शेवटी दिवा विझवा आणि माळ खुंटीला अडकवा, पण मुलाचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. उद्याचा पहिला अर्धा भाग कोण म्हणणार, ते आजच ठरवा. आणि दुसऱ्या रहस्यात जिचं नाव घेतलं, तिच्याकडे जेवायला बसण्याआधी डाळीची वाटी पोचती करा.