वडिलोपार्जित शेत आणि स्वावलंबन

उत्तराखंडाच्या पर्वतीय जिल्ह्यांत डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली शेते सर्वत्र दृष्टीस पडतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमातून तयार झालेल्या या शेतांपैकी पुष्कळशी आज पडीक असून त्यांत झुडपे व पाइन वृक्षांची रोपे माजली आहेत. राज्य शासनाने २०१७ मध्ये स्थापन केलेल्या ग्रामविकास व स्थलांतर आयोगाच्या २०१८ मधील अहवालानुसार, त्याआधीच्या सुमारे दहा वर्षांत १,१८,९८१ व्यक्तींनी आपले गाव कायमचे सोडले होते. २०११ नंतर ७३४ वस्त्या निर्मनुष्य झाल्या होत्या. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे हा ओघ काही काळ उलटला आणि तीन लाखांहून अधिक लोक गावी परतले. वाडवडिलांच्या जमिनीवर स्वावलंबी जीवन जगता येईल, अशी आशा त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात होती. तथापि बरेचजण काही महिन्यांतच पुन्हा शहराकडे वळले. असे का घडले, हे समजून घेण्यासाठी या शेतीची घडण पाहणे आवश्यक आहे.

जमिनीचा हिशेब

पर्वतीय भागात जमीन ‘नाली’ या एककात मोजतात. ५० नाली म्हणजे सुमारे एक हेक्टर. उदाहरणादाखल, एका कुटुंबाजवळ ४० नाली कोरडवाहू जमीन आहे असे मानू. गावाची कोरडवाहू शेती परंपरेने दोन भागांत विभागलेली असते; या प्रत्येक भागास ‘सार’ म्हणतात. एका सारीत पावसाळ्यात झंगोरा किंवा भात, त्यानंतर गहू आणि पुढच्या पावसाळ्यात मंडुवा, म्हणजेच नाचणी, घेतली जाते. त्यानंतरच्या हिवाळ्यात ती सार पड ठेवतात. अशा रीतीने प्रत्येक शेतातून दोन वर्षांत तीन पिके मिळतात. याचा अर्थ, ४० नाली जमिनीत दरसाल सरासरी ६० नाली पेरा होतो. हेक्टरी १० क्विंटल उत्पन्न धरले, तर वर्षाकाठी १२ क्विंटल धान्य हाती यावे. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य लागते असे मानल्यास वर्षाची गरज ७३० किलो होते. बियाणे व नासधूस वजा करूनही कागदावर हा हिशेब जुळतो.

मंडुव्याच्या शेतात डाळी व अन्य धान्ये मिसळून पेरण्याची पद्धत ‘बारहनाजा’ या नावाने ओळखली जाते. बारा धान्ये असा या शब्दाचा अर्थ असला तरी प्रत्यक्षात त्यांची संख्या कमीअधिक असते. मंडुव्यासोबत राजगिरा, राजमा, उडीद, कुळीथ, चवळी, काळे सोयाबीन इत्यादी पिके येतात. राजगिऱ्याच्या उंच ताटांवर वेली चढतात आणि द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र पुरवितात. पाऊस लांबला, तरी सर्व पिके एकाच वेळी बुडत नाहीत. संकरित वाणांच्या व एकाच पिकाच्या प्रसारामुळे ही पद्धत मागे पडू लागली, तेव्हा टिहरी जिल्ह्यातील हेंवल खोऱ्यात ‘बीज बचाओ आंदोलन’ उभे राहिले. विजय जडधारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जुने वाण गोळा केले आणि त्यांचा पुन्हा प्रसार केला.

सामायिक आधार

वरील हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. एका कुटुंबाचे शेत हे सारीतील इतर शेतांच्या मधोमध, अनेक तुकड्यांत विखुरलेले असते. सार पड असताना तेथे सर्व गावाची गुरे चरतात; त्यांचे शेण शेतातच पडते. पेरणीनंतर मात्र गुरे आवरण्याची जबाबदारी सर्वांची असते. भोवतालची शेते ओसाड पडली, की त्यांतील झुडपांत रानडुकरे आश्रय घेतात. माकडांचा उपद्रवही वाढतो. एकट्या कुटुंबाला आपल्या विखुरलेल्या तुकड्यांची रात्रंदिवस राखण करता येत नाही, आणि तयार पीक एका रात्रीत नाहीसे होते. गावात चाळीस घरे होती तेव्हा पाळीपाळीने होणारे हे काम दोन घरांना झेपत नाही.

खत आणि पाणी यांचीही हीच स्थिती आहे. बांज, म्हणजे ओक, वृक्षाचा पाला गोठ्यात अंथरून शेणखत तयार करतात. हा पाला व चारा सामायिक वनातून येतो. १९३१ च्या नियमांनुसार स्थापन होऊ लागलेल्या वनपंचायती अशा वनांची व्यवस्था पाहतात. ओढ्याचे पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या लहान पाटाला ‘गूल’ म्हणतात. दरवर्षी गाळ काढल्यावाचून गूल वाहत नाही, आणि तिच्या वरच्या अंगाचा शेतकरी गावात नसेल तर खालच्या शेताला पाणी मिळत नाही.

जमिनीची नोंद हीदेखील मोठी अडचण आहे. अनेक ठिकाणी खाते आजोबा-पणजोबांच्या वारसांच्या नावे सामायिक असते. यास ‘गोल खाता’ म्हणतात. महाराष्ट्रातील सामायिक सातबाऱ्याशी याची तुलना करता येईल. परतलेला भाऊ जे शेत कसतो, ते कायद्याने त्याच्या एकट्याचे नसते. शहरात विखुरलेल्या हिस्सेदारांच्या संमतीवाचून त्याला तुकड्यांची अदलाबदल करणेही कठीण जाते. चकबंदीसाठी राज्याने २०१६ मध्ये पर्वतीय क्षेत्रापुरता स्वतंत्र कायदा केला. परंतु कायद्याच्या आधी आप्तांमधील सहमती लागते.

स्वावलंबनाची मर्यादा

जुने डोंगरी गाव सर्वस्वी स्वयंपूर्ण होते, असे समजणे योग्य नव्हे. मीठ व गूळ आणण्यासाठी गढवालातील माणसे पायी कोटद्वार-दुगड्ड्याच्या बाजारापर्यंत जात. गढवाल व कुमाऊँ येथील पलटणींतील शिपायांच्या मनिऑर्डरींवर कित्येक घरांचा रोख खर्च चाले. पुरुष बाहेर असताना नांगरणीखेरीज शेतीची बहुतेक कामे, तसेच सरपण, चारा व पाणी यांचा भार स्त्रियांवर असे. परतण्याचा निर्णय घेताना हे श्रम कोण करणार, हा प्रश्न घरातील स्त्रीस प्रथम विचारला गेला पाहिजे. आयोगाच्या अहवालात स्थलांतराचे मुख्य कारण म्हणून सुमारे निम्म्या लोकांच्या बाबतीत रोजगाराची नोंद आहे. सुमारे १५ टक्क्यांच्या बाबतीत शिक्षणाची, तर सुमारे ९ टक्क्यांच्या बाबतीत आरोग्यसेवेची. कोठारात धान्य असले, तरी मुलाची शाळा आणि आजाऱ्याचा दवाखाना शेतातून उगवत नाही.

यावरून परतणाऱ्यांसाठी काही व्यवहार्य बोध मिळतो. आप्तांशी बोलून कसण्याच्या जमिनीचा लेखी निवाडा आधी करावा. एकाच सारीतील चार-पाच घरांनी मिळून लगतचे तुकडे कसावेत, म्हणजे कुंपण व राखण एकत्र होते. पहिली काही वर्षे रोख मिळकतीचे एखादे साधन हाती ठेवावे. घराला लागणाऱ्या धान्याचा हिशेब जमिनीवरून करता येतो. ते धान्य खळ्यापर्यंत पोहोचेल की नाही, हे मात्र शेजारच्या घरात चूल पेटते की नाही यावर अवलंबून असते.