वर्गातील कमी ऐकणारे मूल

एखादे मूल चार वेळा सांगूनही ऐकत नाही, श्रुतलेखनात ‘सात’ऐवजी ‘साठ’ लिहिते. त्याच्यावर ‘मंद’ किंवा ‘हट्टी’ असा शिक्का चटकन बसतो. तत्पूर्वी त्याचे कान ठीक आहेत ना, हे पाहणे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

ध्वनीने कानाचा पडदा कंप पावतो. तो कंप हातोडी, ऐरण व रिकीब या तीन इवल्या हाडांच्या द्वारे आंतरकर्णात पोहोचतो व तेथून मज्जातंतू त्याची वर्दी मेंदूस देतो. पडद्यामागील पोकळीतून घशाकडे युस्टेशियन नलिका जाते. लहान मुलांत ती आखूड व बरीचशी आडवी असते. पडसे झाले की ती सुजून बंद होते, पोकळीत द्रव साचतो आणि पडदा व हाडे मोकळेपणी हलत नाहीत. कधी पू होऊन पडदा फाटतो व कान वाहू लागतो. नुसता द्रव साचला असता बहुधा कान दुखत नाही. ऐकणे मात्र आज कमी, काही दिवसांनी बरे, असे बदलत राहते. ‘हवे तेव्हा बरोबर ऐकू येते’ हा आरोप येथूनच जन्मतो.

पुढील चिन्हांकडे लक्ष असावे :

१. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहणे. एकच कान पुढे करणे.
२. शिक्षक पाठमोरे असता सांगितलेले न समजणे.
३. स, श, त, फ यांसारखे हलके ध्वनी बोलण्यात वा लिहिण्यात चुकणे.
४. कान वाहणे, कानास दुर्गंधी येणे.

संशय आल्यास शांत खोलीत मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे. त्यास एक कान बोटाने झाकावयास सांगून कुजबुजत तीन अंक उच्चारावे व ते त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. चुकल्यास निराळे तीन अंक घ्यावे. सहांपैकी निम्मेही बरोबर न आल्यास तो कान तपासणीस पात्र समजावा. मग दुसरा कान पाहावा. हे निदान नव्हे. निदान वैद्यानेच करावयाचे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या पथकासाठी अशा मुलांची यादी तयार ठेवावी. कान वाहत असल्यास मात्र पथकाची वाट न पाहता पालकांस प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. कानात तेल ओतू नये, काडी घालू नये, हेही त्यांस समजावून द्यावे. कानशिलात मारल्याने पडदा फाटू शकतो, हे शिक्षकांनीही विसरू नये. शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ नेच मनाई आहे.

उपचार चालू असता मुलास पुढच्या ओळीत, चांगला कान शिक्षकाकडे येईल असे बसवावे. फळ्यावर लिहिताना बोलू नये. वर्गाकडे तोंड करून स्पष्ट बोलावे. जे कानी पडलेच नाही, ते पाटीवर उतरणार कसे? एवढे जाणून घेतले, तरी पुष्कळ मुलांच्या माथ्यावरील ‘मंद’पणाचा शिक्का पुसला जाईल.