शक्ती आणि युक्ती

इंग्लंडच्या मध्यभागी सिल्व्हरस्टोन नावाचे एक खेडे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, या खेड्याजवळ बाँबफेकी विमानांसाठी एक विमानतळ बांधण्यात आला. युद्ध संपले, विमाने निघून गेली आणि त्या लांबरुंद धावपट्ट्या ओस पडल्या. पुढे १९४८ साली तेथे मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. पेंढ्याच्या गासड्या आणि तेलाची रिकामी पिंपे मांडून वळणे आखली जात. जेथून विमाने युद्धासाठी उड्डाण करीत, तेथे आता लहानमोठ्या गाड्या धुरळा उडवीत धावू लागल्या.

या शर्यतींत भाग घेणारे सगळेच काही नामवंत चालक नव्हते. त्यांत विद्यार्थी होते, कारकून होते, अभियंते आणि कारागीरही होते. आठवडाभर प्रत्येक जण आपापला व्यवसाय करी. रात्री जागून गाडीची डागडुजी करी आणि सुट्टी आली की शर्यतीला जाई. यातून धनप्राप्ती तर होत नसेच. उलट पदरमोडच होई. केवळ आवडीसाठी जो एखादा खेळ खेळतो, त्याला आपण हौशी खेळाडू म्हणतो. हे सारे हौशी शर्यतवीर होते.

अशा माणसांना महागडी शर्यतीची गाडी कोठून परवडणार? त्यांच्या मदतीला एक जुनी, साधी गाडी धावून आली. तिचे नाव ऑस्टिन सेव्हन. हर्बर्ट ऑस्टिन या कारखानदाराने अवघ्या अठरा वर्षांच्या स्टॅन्ली एज या नकाशे काढणाऱ्या तरुणाचे साहाय्य घेऊन या गाडीचा आराखडा तयार केला आणि १९२२ साली ती लोकांपुढे आणली. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी ही चिमुकली मोटार फार लोकप्रिय झाली. १९३९ पर्यंत अशा सुमारे २,९०,००० गाड्या तयार झाल्या. त्यामुळे युद्धानंतर जुन्या ऑस्टिन सेव्हन गाड्या इंग्लंडमध्ये जागोजागी अगदी स्वस्तात मिळत.

या गाडीच्या चाहत्यांनी १९३९ साली एक मंडळ स्थापन केले होते. गाडीच्या इंजिनाचे आकारमान जवळजवळ ७५० घनसेंटिमीटर होते. म्हणून मंडळाचे नावही ‘७५० मोटर क्लब’ असेच ठेवण्यात आले. युद्धानंतर या मंडळाने अल्प खर्चातील शर्यतींसाठी नियम तयार केले. गाडीचा सांगाडा, इंजिन असे मुख्य भाग ऑस्टिन सेव्हनचेच असावेत. बाकीचे फेरफार ज्याने त्याने आपल्या बुद्धीने करावेत, असा त्या नियमांचा आशय होता. ज्याची थैली मोठी तो जिंकला, असे होऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

या हौशी मंडळींत कॉलिन चॅपमन नावाचा एक तरुण होता. त्याचा जन्म १९२८ साली झाला. लंडनच्या विद्यापीठात बांधकामाच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असताना तो एका मित्राबरोबर जुन्या मोटारींची खरेदीविक्री करी. धंदा बरा चालला होता. परंतु १९४७ च्या अखेरीस सरकारने खाजगी मोटारींना मिळणारे पेट्रोलचे रेशन बंद केले. पेट्रोलच मिळेना, तेव्हा मोटारी कोण घेणार? चॅपमनने हाताशी असलेल्या गाड्या तोट्यात विकून टाकल्या. शेवटी एकच गाडी खपेना. ती होती एक जुनी, खिळखिळी ऑस्टिन सेव्हन.

दुसरा कोणी असता, तर कपाळाला हात लावून बसला असता. चॅपमनने मात्र त्या गाडीचे जुने शरीर उतरवून टाकले. हेझल विल्यम्स या त्याच्या मैत्रिणीच्या घरामागे एक लहानशी मोटारखोली होती. तेथे दोघांनी काम सुरू केले. गाडीचे नवे शरीर त्याने पातळ लाकडी फळ्या आणि ॲल्युमिनियमचे पत्रे एकत्र जोडून, विमानांच्या पद्धतीने बनविले. त्यामुळे ते हलके झाले आणि मजबूतही. १९४८ साली तयार झालेल्या या गाडीला त्याने ‘लोटस’ म्हणजे कमळ हे नाव दिले. हेच नाव का, हे त्याने जन्मभर कोणालाही उघड करून सांगितले नाही.

त्यानंतर त्याने दुसरी लोटस बांधली. तिला फोर्ड कंपनीचे एक लहान इंजिन बसविले होते. ही गाडी घेऊन १९५० साली तो सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत उतरला. तेथे त्याची गाठ पडली ती बुगाटी गाडीशी. बुगाटी म्हणजे खास शर्यतीसाठी नामांकित कारागिरांनी घडविलेली गाडी! त्या गाडीला मागे टाकून चॅपमन विजयी झाला. घरगुती गाडीने नामांकित गाडीला हरवावे, ही साधी गोष्ट नव्हती.

हे कसे घडू शकते, याचा थोडा विचार करू. भरलेली बैलगाडी आणि रिकामी बैलगाडी यांची तुलना करा. रिकामी गाडी चटकन वेग घेते, थांबवायची म्हटली तर लवकर थांबते आणि वळणावर बैलांना फारसे कष्ट पडत नाहीत. मोटारीचेही तसेच आहे. इंजिनाची मोठी शक्ती विशेष उपयोगी पडते ती सरळ रस्त्यावर. परंतु शर्यतीचा मार्ग काही सरळ नसतो. त्यावर वळणे असतात आणि प्रत्येक वळणापूर्वी वेग कमी करून पुढे तो पुन्हा वाढवावा लागतो. हलकी गाडी या प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेळ वाचविते. थेंबे थेंबे तळे साचे, त्याप्रमाणे शेवटी हा वाचलेला वेळ मोठा होतो.

१९५१ सालासाठी चॅपमनने तिसरी गाडी बांधली. ही गाडी ७५० मोटर क्लबच्या नियमांनुसार ऑस्टिन सेव्हनची होती. दोन ॲलन बंधूंकडे चांगली हत्यारे असलेली एक कार्यशाळा होती. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी चॅपमन तेथे जाई आणि रात्री उशिरापर्यंत काम चाले. ऑस्टिनचा मूळ सांगाडा वळणावर पिळवटत असे. तो ठिकठिकाणी आधार देऊन ताठ करण्यात आला. पण खरी युक्ती होती ती इंजिनात.

ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक दट्ट्या वरखाली होतो. पिचकारीचा दांडा ओढला म्हणजे जसे पाणी आत येते, तसा दट्ट्या खाली जाताना पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. या इंजिनात दोन दोन शेजारी सिलिंडरांना मिळून आत येण्याची एकच वाट होती. एका पाटावर दोन शेते असावीत, तशी ही व्यवस्था. त्यातच या दोन शेजाऱ्यांच्या पाळ्या लागोपाठ येत. एकाचे ओढणे पुरते संपले नाही, तोच दुसऱ्याचे सुरू होई. साहजिकच एक दुसऱ्याच्या वाट्यातले ओढून घेई आणि दोघांनाही नीट पुरवठा होत नसे.

अनेकांना हा दोष ठाऊक होता. परंतु इंजिनाची घडणच तशी आहे, असे म्हणून ते गप्प बसत. चॅपमनने त्या सामायिक वाटेत मधोमध एक पातळ पडदा घातला आणि तो थेट आतल्या झडपांपर्यंत नेला. पाटात जणू बांध घातला गेला! आता प्रत्येक सिलिंडरला आपली स्वतंत्र वाट मिळाली. इंजिन तेच राहिले, आकारमान तेच राहिले. पण त्याची ताकद लक्षणीय वाढली.

अशा हौशी चालकाचा शर्यतीचा दिवस कसा असे? आदल्या रात्री शेवटचा नट आवळून होई. पहाटे गाडी आपल्या चाकांवरच शर्यतीच्या स्थळी निघे, कारण ती वाहून नेण्यासाठी दुसरे वाहन बहुतेकांजवळ नसे. तेथे पोहोचताच दिवे, चिखलरोधक पत्रे यांसारखे अनावश्यक भाग उतरवून ठेवायचे. मग तपासनीस येत. ब्रेक लागतात का, चाके घट्ट आहेत का, तेल गळते का, हे ते बारकाईने पाहत. ज्याच्या गाडीत दोष आढळे, त्याला तो दुरुस्त केल्यावाचून मार्गावर जाता येत नसे.

तपासणीनंतर सराव होई. कोणत्या वळणाआधी वेग कमी करावा, कोठून वळावे, हे चालक मनात पक्के करी. नवशिक्या चालकाला वाटते, वळणातही गाडी दामटली की झाले. अनुभवी चालक वळणापूर्वीच वेग आवरतो, वळण नेटके घेतो आणि बाहेर पडताना वेग वाढवितो. वळणावळणांवर झेंडे घेतलेले स्वयंसेवक उभे असत. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, असे समजायचे आणि कोणालाही मागे टाकायचे नाही. काळपांढऱ्या चौकड्यांचा झेंडा दिसला की शर्यत संपली. शर्यत कितीही अटीतटीची असो, झेंड्याची आज्ञा मोडणे हा गुन्हाच मानला जाई. शर्यत संपली की उतरविलेले भाग पुन्हा बसवून त्याच गाडीतून घरी परतायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हत्यारे हाती घ्यायची!

१९५१ च्या हंगामात चॅपमनच्या गाडीपुढे त्या गटातील इतर गाड्यांचा निभाव लागेना. ती एकामागून एक शर्यती जिंकू लागली. तेव्हा तिच्या इंजिनाचे रहस्य सर्वांना कळले आणि मंडळापुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला. चॅपमनने नियम मोडला होता का? नाही. पडदा घालू नये, असे नियमात कोठेही लिहिलेले नव्हते. मग त्याला दोष कसा द्यावा? परंतु ही युक्ती अशीच चालू दिली, तर प्रत्येकाला आपले इंजिन तसे बदलून घ्यावे लागले असते. ज्याला ते साधले नसते, त्याने शर्यतीत केवळ मागे धावण्यासाठी का यावे?

अखेर नियम बदलण्यात आला. यापुढे इंजिनाच्या वाटेत असा पडदा घालता येणार नाही, असे ठरले. मंडळाने एका बाजूने चॅपमनच्या बुद्धीला मान दिला. कारण ज्या युक्तीवर बंदी घालण्यासाठी खास नियम करावा लागतो, ती युक्ती सामान्य नसते. दुसऱ्या बाजूने मंडळाने खेळातील समानता राखली. चतुर खेळाडू नियमाच्या मर्यादेत राहून मार्ग शोधतो आणि सुज्ञ पंच सर्वांचे हित पाहून नियम सुधारतो. दोघेही आपले कर्तव्य करीत असतात.

चॅपमन या बंदीने खचला नाही. हेझलने दिलेल्या २५ पौंडांच्या भांडवलावर त्याने १९५२ साली लोटस गाड्या बांधण्याचा व्यवसाय सुरू केला. वडिलांच्या हॉटेलामागील जुना तबेला हाच त्याचा पहिला कारखाना. पुढे याच व्यवसायातून जगातील अग्रगण्य शर्यतीच्या गाड्या निघाल्या. १९६३ ते १९७८ या काळात लोटसने गाडी बांधणाऱ्यांचे जागतिक विजेतेपद सात वेळा मिळविले. १९६५ साली अमेरिकेतील इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत जिम क्लार्क या चालकाने लोटस गाडीतूनच जिंकली. चॅपमन १९८२ साली मरण पावला.

त्याच्या यशाला दुसरी बाजूही होती. हलकेपणाचा हव्यास फार वाढला की गाडी नाजूक होते. १९६९ साली बार्सिलोना येथे एकाच शर्यतीत लोटसच्या दोन गाड्यांवरील उंच पंख मोडून भयंकर अपघात झाले. त्यांतील एक चालक योखेन रिंट हा जखमी झाला. गाडीचे नाजूक भाग अधिक मजबूत करा, असे त्याने चॅपमनला पत्र लिहून कळकळीने सांगितले. पुढच्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे सराव करताना लोटस गाडीच्या अपघातात रिंट मृत्यू पावला. गाडीतून वजन किती काढावे, हे गणित सोडविताना त्या गाडीत एक माणूस बसणार आहे, हे विसरून चालत नाही.

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असे आपल्याकडे म्हणतात. एका न खपलेल्या, मोडक्या गाडीतून चॅपमनने ही म्हण खरी करून दाखविली. मात्र युक्तीलाही दोन लगाम हवेत. एक नियमाचा आणि दुसरा विवेकाचा. ७५० मोटर क्लबच्या शर्यती आजही इंग्लंडमध्ये भरतात. आठवडाभर आपले काम करून सुट्टीच्या दिवशी हौशी चालक आजही तेथे जमतात, तपासनीसापुढे गाडी उभी करतात आणि झेंडा हलण्याची वाट पाहतात.

स्वाध्याय

१. ७५० मोटर क्लबने शर्यतीचे नियम कोणत्या हेतूने तयार केले?
२. हलक्या गाडीला शर्यतीत कोणकोणत्या ठिकाणी फायदा होतो?
३. पाट आणि बांध यांचे उदाहरण देऊन चॅपमनची युक्ती स्वतःच्या शब्दांत समजावून सांगा.
४. चॅपमनने नियम मोडला नव्हता, तरी मंडळाने नियम का बदलला? तुम्ही पंच असता तर काय केले असते?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पदरमोड करणे, कपाळाला हात लावणे, निभाव लागणे.