लेकराची कमाई कोणाची?



लग्नघरात नात नाचली, मामाने मोबाइलवर टिपले, नातेवाइकांनी कौतुकाने पाहिले. यात वावगे काही नाही. परंतु तोच नाच दर आठवड्याला करवून घेतला जातो आणि जाहिरातीचे पैसे येऊ लागतात, तेव्हा ती हौस राहत नाही. ते काम होते. मग आपण विचारायला हवे : ही कमाई कोणाची?

प्रश्न जुना आहे. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) या चित्रपटातला छोटा जॅकी कूगन लाखो डॉलर कमावून मोठा झाला. सज्ञान झाल्यावर पाहतो तर आई व सावत्र वडिलांनी बहुतेक पैसा खर्चून टाकलेला! १९३८ साली त्याने त्यांच्यावर दावा लावला. पण त्या वेळी अज्ञान मुलाची कमाई पालकांचीच मानली जाई. त्याच्या हाती थोडेच आले. यातूनच १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवणारा कायदा झाला.

इंटरनेटवरील व्हिडिओंसाठी फ्रान्सने २०२० साली कायदा केला. सोळा वर्षांखालील मुलाची ठरावीक मर्यादेपुढील कमाई ते सज्ञान होईपर्यंत सरकारी ठेवीत राहते. शिवाय आपला व्हिडिओ काढून टाका, असे मूल पालकांच्या संमतीविना स्वतः सांगू शकते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून अशा मुलाचा वाटा बाजूला ठेवणे बंधनकारक आहे. न ठेवल्यास ते पालकांवर दावा करू शकते.

आपल्या देशात बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवावा लागतो. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते. पण घरच्या मोबाइलसमोर आईवडीलच निर्माते असतात. तिथे तास कोण मोजणार? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२२ साली केलेल्या मसुद्यात समाजमाध्यमांचाही विचार केला, तो यासाठीच.

या साऱ्या कायद्यांमागे एकच विचार आहे : पालक हा मालक नव्हे, विश्वस्त आहे. मूल 'हो' म्हणते खरे. पण ज्यांच्या हातून ते जेवते, त्यांनाच ते 'हो' म्हणत असते. 'नाही' म्हणायची मोकळीक नसेल, तर त्या 'हो'ला काय अर्थ? घरात पोलीस येत नाही. तिथे कायद्याचे काम आपल्यालाच करायचे आहे.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. व्हिडिओ टाकण्यापूर्वी आपण मुलाला विचारतो का? त्याने नकार दिला, तर ऐकतो का?
२. मूल रडते, आजारी असते, शिक्षा भोगते, तेव्हा मोबाइल खाली ठेवतो का?
३. त्याच्यामुळे पैसे आले, तर ते त्याच्या नावे ठेवले आहेत का?