एकच छायाचित्र, निरनिराळे निष्कर्ष

छातीच्या क्ष-किरण छायाचित्राकडे पाहून "डाग आहे" किंवा "डाग नाही" असे तज्ज्ञ सांगतो, तेव्हा त्याने ते फूटपट्टीने मोजल्यासारखे अचूक सांगितले, अशी सर्वसाधारण समजूत असते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ही समजूत तपासली गेली, तीही एका वेगळ्याच प्रश्नाच्या निमित्ताने. क्षयरोग्यांचा शोध घेण्यासाठी असंख्य लोकांची छायाचित्रे काढावयाची, तर मोठी फिल्म वापरावी की लहान व स्वस्त फिल्म चालेल, एवढेच ठरवावयाचे होते. १,२५६ व्यक्तींची चार पद्धतींनी छायाचित्रे घेण्यात आली आणि पाच तज्ज्ञांनी ती स्वतंत्रपणे वाचली. १९४७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मूळ प्रश्न मागेच पडला. चार पद्धतींमध्ये जेवढा फरक होता, त्याहून अधिक फरक वाचणाऱ्यांमध्ये आढळला. एवढेच नव्हे, तर तीच छायाचित्रे पुन्हा समोर ठेवली असता तज्ज्ञांचे स्वतःच्याच पूर्वीच्या मताशी अनेकदा जुळेना. जेकब येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञाने पुढे या विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

यात तज्ज्ञांची हयगय होती असे मानणे अन्यायाचे ठरेल. फासळ्या, रक्तवाहिन्या आणि हृदय यांच्या सावल्या फिल्मवर एकमेकींत मिसळतात. जुन्या, भरून आलेल्या जखमेचा व्रण आणि चालू रोगाचा डाग पुष्कळदा सारखाच दिसतो. शंका येताच "रोग" म्हणावयाचे ठरविले, तर निरोगी माणसाला कित्येक महिने औषधे घ्यावी लागतात. शंका सोडून द्यावयाची ठरविली, तर खरा रोगी घरी परततो आणि त्याच घरातील मुलांना संसर्ग होतो. वाचणाऱ्याने एक चूक टाळण्याचा प्रयत्न केला की दुसरी वाढते.

संशोधनात हा दोष अधिकच घातक ठरतो, कारण नवे औषध दिलेल्या रोग्याचे छायाचित्र पाहताना सुधारणा दिसावी अशी इच्छा नकळत डोळ्यांत उतरते. स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची ब्रिटनमध्ये जी चाचणी झाली आणि जिचा अहवाल १९४८ साली आला, तीत यावर उपाय योजला होता. १०७ रोग्यांपैकी ५५ जणांना औषध व विश्रांती आणि ५२ जणांना केवळ विश्रांती देण्यात आली. छायाचित्रे वाचणाऱ्या तिघांपैकी कोणालाही ती कोणत्या गटातील आहेत हे माहीत नव्हते आणि प्रत्येकाने आपले मत वेगळे नोंदविले. आज ही रीत साधी वाटते. तेव्हा ती मुद्दाम घालून द्यावी लागली.

दोन वाचकांचे मत जुळले म्हणजे काम झाले, असेही नाही. समजा, शंभर छायाचित्रांपैकी प्रत्येक वाचकाने डोळे मिटून कोणत्याही पाचांवर "रोग" अशी खूण केली. तरीही सुमारे नव्वद छायाचित्रांबाबत दोघांचे एकमत दिसेल, कारण बहुतेकांवर दोघांनीही "निरोगी" असेच लिहिलेले असेल! "नव्वद टक्के एकमत" हा आकडा अहवालात भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात त्यात कौशल्याचा अंशही नसू शकतो. केवळ योगायोगाने जुळणारा भाग वजा करून उरलेले एकमत मोजण्याचे सूत्र जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडले. वैद्यकीय संशोधनात ते आजही वापरले जाते.

शिवाय पुनरावर्तनीयता आणि यथार्थता या दोन भिन्न गोष्टी आहेत. धान्याच्या दुकानातील काटा दर वेळी दोन किलो जास्तच दाखवीत असेल, तर त्याचे मापन पुनःपुन्हा तेच येईल. मात्र ते खरे असणार नाही. अलीकडे संगणकाकडून छायाचित्रे वाचवून घेतली जातात आणि क्षयरोगाच्या प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्यास मान्यता दिली. संगणक थकत नाही. एका छायाचित्राला तो पुन्हा तोच गुणांक देतो. परंतु किती गुणांकांच्या वर संशयित मानावयाचे, ही सीमा त्या त्या भागातील लोकसंख्या पाहून ठरवावी लागते आणि रोगाची खात्री थुंकीच्या तपासणीनेच करावी लागते.

भारतात थुंकीच्या तपासणीला हे स्थान फार पूर्वी मिळाले. बंगलोर येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या कार्यातून १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आकाराला आला, त्यात सूक्ष्मदर्शकाला महत्त्व देण्यात आले. क्षयजंतू प्रत्यक्ष दिसणे हा सावलीपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा होय. तथापि येथेही मनुष्याचा डोळा आहेच. एक मिलिलिटर बेडक्यात साधारणतः पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते काचपट्टीवर सापडत नाहीत आणि घाईत पाहणाऱ्याला पुष्कळ असूनही दिसत नाहीत. यास्तव प्रयोगशाळांतील काही काचपट्ट्या निवडून, आधीचा निकाल झाकून, दुसऱ्या तपासनिसाकडून त्या पुन्हा वाचून घेण्याची पद्धत पाडण्यात आली. मतभेद झाल्यास निर्णय तिसरा देतो.

काचपट्टी तयार होण्यापूर्वीच मात्र एक चूक घडून गेलेली असते आणि कोणतीही फेरतपासणी तिला पकडू शकत नाही. डबीत बेडक्याऐवजी तोंडातील लाळच आली, तर पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही तपासनीस एकमताने "जंतू नाहीत" असे लिहितात. गावात तपासणी मोहीम असेल तेव्हा ही गोष्ट आशा कार्यकर्ती, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांनी रोग्याला समजावून द्यावी लागते : सकाळी उठल्यावर चूळ भरावी, दोन-तीन वेळा दीर्घ श्वास घ्यावा, छातीतून खोल खोकावे आणि घट्ट बेडका डबीत टाकावा, नुसते थुंकू नये.