तुफानाचे दिवस आणि अंत्युखियाची मंडळी

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ११ : २७–३०, लूक १३ : १–५.
घरीं वाचण्यासाठीं : उत्पत्ति ४१ : ४६–५७, १ राजे १९ : ९–१३.

आजच्या पाठांत अंत्युखिया येथील मंडळीची एक लहानशी हकीकत आहे. अगब नांवाचा संदेष्टा यरुशलेमेहून तेथें आला, आणि पुढें मोठा दुष्काळ पडणार आहे असें त्यानें आत्म्याच्या प्रेरणेनें कळविलें. तें ऐकून शिष्यांनीं काय केलें? हा दुष्काळ कोणाच्या पापामुळें येत आहे ह्याची चौकशी त्यांनीं केल्याचें लिहिलेलें नाहीं. देव पाहून घेईल असें म्हणून ते स्वस्थही बसले नाहींत. प्रत्येकानें आपापल्या ऐपतीप्रमाणें कांहीं देण्याचें ठरविलें, व तें बर्णबा आणि शौल ह्यांच्या हातीं यहूदीयांतील बंधुजनांकडे पाठविलें. इशारा ऐकणें, तयारी करणें आणि वांटून देणें, ह्या तीन गोष्टी ह्या चार वचनांत आहेत. त्या मनावर ठसाव्या म्हणून आम्ही वाचकांस दूरच्या कांहीं बेटांची हकीकत सांगतों. तेथील बंधुभगिनींस हाच धडा पुन्हां पुन्हां गिरवावा लागत आहे.

१. बेटें व तेथील लोक

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस पॅसिफिक महासागरांत व्हानुआतू नांवाचा देश आहे. पूर्वीं त्यास न्यू हेब्रिडीज म्हणत. १९८० सालीं तो स्वतंत्र झाला. सुमारें ८० बेटें, सुमारें ३ लक्ष वस्ती आणि शंभराहून अधिक भाषा, असा हा देश आहे. मिशनचा इतिहास वाचणाऱ्यांस हीं बेटें अपरिचित नाहींत. १८३९ सालीं जॉन विल्यम्स एरोमांगा बेटाच्या किनाऱ्यावर मारले गेले. १८४८ सालीं जॉन गेडी अनैत्युम बेटावर गेले. १८५८ सालीं जॉन पेटन तान्ना बेटावर उतरले. आज तेथील बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. ते बहुधा खेड्यांत राहतात, आणि अळूचे कांदे, कोनफळें, रताळीं, केळीं, नीरफणस व नारळ ह्यांवर त्यांचा निर्वाह चालतो. धान्याचीं कोठारें तेथें नसतात. बाग हेंच त्यांचें कोठार.

२. तुफान कसें उत्पन्न होतें

नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्या समुद्रांत तुफानांचा हंगाम असतो. तेथें तोच उन्हाळा होय. समुद्राचें पाणी सुमारें २६ ते २७ अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहून अधिक तापलें म्हणजे पुष्कळ वाफ वर चढते. वर ती थंड होऊन तिचे ढग बनतात, तेव्हां तिच्यांतील उष्णता हवेंत सुटते. हवा हलकी होऊन आणखी वर जाते, आणि तिची जागा भरण्यास चोहोंकडून वारे धांवून येतात. पृथ्वी फिरत असल्यामुळें हे वारे सरळ न येतां चक्राप्रमाणें गरगर फिरूं लागतात. आपल्या बाजूच्या समुद्रांत हें चक्र घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतें, तर व्हानुआतूकडे कांट्यांच्या दिशेनें फिरतें.

चक्राच्या मध्यभागास ‘डोळा’ म्हणतात. तेथें वारा मंद असतो. डोळा गांवावर आला म्हणजे एकाएकीं शांत होतें, आणि अजाण माणूस संकट टळलें असें समजून घराबाहेर पडतो. थोड्या वेळानें तितकाच प्रचंड वारा उलट दिशेनें येतो. उपदेशकांनीं हें आपल्या लोकांस अवश्य सांगावें. मोठ्या भूमीवर चढल्यावर तुफानास वाफेचा पुरवठा होत नाहीं व त्याचा जोर ओसरतो. परंतु लहान बेटांस तें आसरा देत नाहीं, कारण तीं ओलांडतांच त्यास पुढें पुन्हां समुद्रच मिळतो.

३. वारा गेल्यावर येणारी भूक

१३ मार्च २०१५ ह्या दिवशीं ‘पॅम’ नांवाचें तुफान राजधानी पोर्ट व्हिला हिच्या अगदीं जवळून गेलें, व पुढें एरोमांगा आणि तान्ना ह्या बेटांवर येऊन आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें २५० किलोमीटर होता. देशाचे अध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल, जे स्वतः अँग्लिकन पाळक होते, त्या वेळीं जपानांत सेंदाई येथें होते. आपत्तींस तोंड कसें द्यावें ह्याविषयीं तेथें सर्व राष्ट्रांची परिषद भरली होती. त्याच परिषदेपुढें उभे राहून त्यांस आपल्या लोकांसाठीं मदत मागावी लागली.

देशांतील निम्म्याहून अधिक लोकांस ह्या तुफानाची झळ लागली. केळीं आडवीं झालीं, नीरफणस उन्मळले, खाऱ्या तुषारांनीं पानें करपलीं, पिण्याचें पाणी नासलें. तुफान एका रात्रींत निघून जातें, पण भूक मागाहून येते व महिनोन्महिने मुक्काम करिते. पडलेलीं फळें थोडे दिवस पुरतात. मग नवें रताळें जमिनींत भरेपर्यंत वाट पाहावी लागते. नारळाचें नवें झाड लावलें तर तें फळास येण्यास कित्येक वर्षें लागतात.

पुढेंही विसांवा मिळाला नाहीं. एप्रिल २०२० मध्यें, दुःखसप्ताहाच्या सोमवारीं, ‘हॅरॉल्ड’ तुफान उत्तरेकडील बेटांवर आलें. मार्च २०२३ मध्यें ‘जूडी’ व ‘केव्हिन’ हीं दोन तुफानें एकाच आठवड्यांत आलीं. त्याच वर्षीं ‘लोला’ तर ऑक्टोबरांत, म्हणजे हंगाम लागण्यापूर्वींच, येऊन गेलें.

४. पाप कोणाचें?

संकट आलें कीं माणूस अपराधी शोधूं लागतो. १८६१ सालच्या आरंभीं ह्याच दक्षिणेकडील बेटांत गोंवराची भयंकर साथ आली, आणि तुफानांनीं बागा उध्वस्त केल्या. नव्या धर्मामुळें हें अरिष्ट आलें असें पुष्कळांनीं मानिलें. एरोमांगा बेटावर मिशनरी जॉर्ज गॉर्डन व त्यांच्या पत्नी एलन ह्यांजवर ठपका आला, आणि त्या वर्षाच्या मे महिन्यांत दोघांसही ठार मारण्यांत आलें.

आपण त्या लोकांस अडाणी म्हणून सोडून देऊं नये. आपल्या गांवांतही कोणाचें घर पडलें किंवा बैल मेला म्हणजे शेजारी म्हणतात, “ह्यांनीं देव सोडला, म्हणून हें झालें.” आणि दुसऱ्याचें घर पडलें म्हणजे आपणही म्हणतों, “ह्यांनीं देव ओळखिला नाहीं, म्हणून हें झालें.” दोन्ही बोलणीं एकाच मुळाचीं फळें होत. शिलोहांतील बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं हा समज प्रभूनें साफ नाकारिला, आणि ऐकणाऱ्यांस स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळविलें. पॅमनें प्रार्थनामंदिरांचींही छपरें उडविलीं. एलीयालाही डोंगरावर सोसाट्याच्या वाऱ्यांत परमेश्वर भेटला नाहीं. वारा, भूमिकंप व अग्नि होऊन गेल्यावर जो मंद शब्द आला, त्यांत भेटला.

ह्या काळीं एका दोषाविषयीं मात्र बोललें पाहिजे. मोठ्या देशांनीं जाळिलेल्या कोळशा-तेलाच्या धुरानें पृथ्वी तापत आहे, आणि तापलेला समुद्र तुफानास अधिक बळ देतो. ह्यांत ह्या बेटांचा हात अत्यंत थोडा, पण शिक्षा मोठी. म्हणून व्हानुआतूनें पुढाकार घेऊन हा प्रश्न जागतिक न्यायालयापुढें नेला, आणि राष्ट्रांवर ह्याविषयीं कायद्यानें बंधन आहे असें मत त्या न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें दिलें.

५. इशारा, तयारी, वांटणी

एवढें प्रचंड पॅम तुफान येऊनही व्हानुआतूंत मेलेल्यांची संख्या विसांच्या आंत राहिली. ह्याचें कारण काय? हवामानखात्यानें रेडिओवरून व मोबाईलवरून इशारे दिले, आणि लोकांनीं ते मानिले. कित्येक गांवांत जमिनीलगत उतरत्या छपराचीं जुन्या पद्धतीचीं ठेंगणीं घरें होतीं; तेथें, शाळांत व मंदिरांत लोक जमले. शहाणे बागाईतदार वारा येण्यापूर्वीं केळीचीं पानें छाटून टाकितात, म्हणजे झाड कमी झोंबतें. जमिनींतील कंद वाऱ्यास सांपडत नाहींत, हें त्यांस वाडवडिलांपासून ठाऊक आहे.

हॅरॉल्डच्या वेळीं महामारीमुळें देशाच्या सीमा बंद होत्या. बाहेरचे मदतनीस येऊं शकले नाहींत. आलेला मालही कांहीं दिवस वेगळा ठेवून मगच वांटावा लागला. तेव्हां तेथील लोकांनींच हें काम अंगावर घेतलें. हीं बेटें केवळ घेणारीं नव्हेत. अनैत्युमच्या ख्रिस्ती लोकांनीं पूर्वीं आरारूट पिकवून आपल्या भाषेंतील पवित्र शास्त्राच्या छपाईचा खर्च भागविला होता. अंत्युखियाचा नियम हाच : प्रत्येकानें आपल्या ऐपतीप्रमाणें.

६. आपल्या मंडळ्यांसाठीं

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ तुफान अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलें, आणि कोंकणांतील नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसांत आडव्या झाल्या. तेव्हां हा धडा आपल्यापासून दूर नाहीं. आम्ही सुचवितों कीं प्रत्येक मंडळीनें पावसाळ्यापूर्वीं चार कामें करावीं. गांवांत कोणतें पक्कें घर आसऱ्यास योग्य आहे हें ठरवावें. विधवा, वृद्ध व अंथरुणास खिळलेले ह्यांची यादी करून प्रत्येकास कोणीं हात द्यावा हें नेमावें. त्या यादींत आपल्या मंडळीबाहेरील शेजारीही असावे. बियाणें व कागदपत्रें कोरडीं राहतील अशीं बांधून ठेवावीं. आणि घरोघरीं स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूस काढून एका मडक्यांत सांठवावें. प्रार्थना करून हीं कामें करणें हा अविश्वास नव्हे. योसेफानें सुकाळांत कोठारें भरिलीं, तीं देवाच्या वचनावर विश्वास ठेवूनच भरिलीं.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न

१. अगबाचें बोलणें ऐकून अंत्युखियाच्या शिष्यांनीं काय केलें?
२. तुफानाचा ‘डोळा’ आला असतां घराबाहेर कां पडूं नये?
३. शिलोहाच्या बुरुजाविषयीं प्रभूनें जें सांगितलें, तें शेजाऱ्याचें घर पडल्यावर आपल्या बोलण्यांत कसें दिसावें?
४. आपल्या गांवांत इशारा मिळाल्यावर प्रथम कोणाच्या दारीं जावें लागेल? त्याचें नांव सांगा, आणि कोण जाणार तें आजच ठरवा.