पदयात्रेची तयारी, सुगीची कामे आणि दुखरी टाच



३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते आणि २४ नोव्हेंबरपासून नोव्हेनाच्या प्रार्थना सुरू होतात, हे आपल्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही. बेळगाव-खानापूर भागातून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी असे करीत पायी जाणारी मंडळी दरवर्षी निघतात. २०२४ च्या नोव्हेंबरात पवित्र अवशेषांचे दर्शन खुले झाले, तेव्हा कधी गावाची वेस न ओलांडलेली माणसेही चालत निघाली होती. पल्ला शंभर किलोमीटरांहून थोडा अधिक. चार दिवसांत गाठायचा म्हटले, तर रोज सव्वीस-सत्तावीस किलोमीटर पडतात.

शेतकऱ्याला चालण्याची काय तयारी करायची, असे आम्हांलाही वाटत असे. आम्ही म्हणजे हे पान लिहिणारे दोघे भाऊ. दिवसभर शेतात राबणारी माणसे आपण! पण बांधावरून दिवसाकाठी पाच-सहा किलोमीटर फिरणे वेगळे आणि डांबरी रस्त्यावर सलग चार दिवस चालणे वेगळे. शिवाय तयारीचे दिवस येतात ते नेमके भात कापणीच्या तोंडावर. आगमनकाळ लागण्यापूर्वी उरकायची लग्ने त्याच महिन्यात येतात, म्हणजे प्रवासही आलाच. त्यात एखाद्याची टाच दुखत असली, की सगळा मेळच बिघडतो.

आमच्या दोघांच्याही टाचा दुखल्या आणि दोघांनीही चुका केल्या, त्या एकमेकांच्या अगदी उलट. थोरल्याने सप्टेंबरात टाच दुखू लागताच चालणे पार बंद केले. पाच आठवडे तेल चोळले, आराम केला. टाच गप्प झाली. मग राहिलेले भरून काढावे म्हणून एका रविवारी मिस्सानंतर तो एकदम सोळा किलोमीटर चालून आला. सोमवारी सकाळी पाय जमिनीला टेकवेना. धाकट्याचे म्हणणे असे, की चालता चालता टाच मोकळी होते, तेव्हा चालतच राहावे. तो रोज चालला, गोळ्या खाऊन चालला, आणि मेळाबरोबर निघाल्यावर दुसऱ्या दिवशी कणकुंबीला जो बसला तो बसच. त्याला बसने घरी परत आणावे लागले.

हे दुखणे काय असते ते थोडक्यात सांगतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो धरून ठेवतो. चालणे एकाएकी वाढले, पोटऱ्या आखडलेल्या असल्या, वजन जास्त असले किंवा कठीण फरशीवर तासन् तास उभे राहावे लागले, तर टाचेजवळ हा पट्टा दुखावतो. ओळख सोपी आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावले फार दुखतात, थोडे चालल्यावर बरे वाटते, आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा कळ येते. एक्सरेमध्ये 'हाड वाढले आहे' असे दिसले, की पुष्कळजण घाबरतात. तसे वाढलेले हाड ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशांच्या पायातही सापडते, तेव्हा त्याची धास्ती घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट. टाच दुखते म्हणून सगळे बंद करायचे नाही आणि दुखते आहे तरी रेटायचेही नाही. टाच जेवढे झेपवते तेवढेच ओझे तिच्यावर ठेवायचे, आणि ते किती हे दुसऱ्या दिवशीच्या सकाळने ठरवायचे. आम्ही दुखण्याला शून्य ते दहा असे गुण देतो. चालताना दुखणे तीनपर्यंत असेल तर चालावे. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली दहा पावले आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखली नाहीत, तर कालचे चालणे पचले. जास्त दुखली, तर पुढचे चालणे निम्मे करावे. चालताना टाच मोकळी वाटते ती साक्ष खरी धरू नये. धाकटा फसला तो तिथेच.

चांगल्या पायाच्या माणसाने ८ सप्टेंबरच्या मारियेच्या जन्मोत्सवापासून सुरुवात केली, तर जवळजवळ बारा आठवडे मिळतात. आठवड्यात दोन दिवस पाऊण तास झपाझप चालावे आणि रविवारी एक लांबचा फेरा घ्यावा. पहिला फेरा सहा किलोमीटरांचा, मग दर आठवड्याला एक-दोन किलोमीटर वाढ, आणि दर चौथ्या आठवड्यात थोडी माघार. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वीस किलोमीटर चालता आले म्हणजे पुरे. शेवटचा आठवडा हलका ठेवावा. नवा खोंड आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपीत नाही. ज्याची टाच दुखते त्याने हेच वेळापत्रक घ्यावे, पण फेरा टाचेला मान्य होईल तेवढाच ठेवावा आणि उरलेली मेहनत सायकलवर काढावी. सायकलवर दम तेवढाच लागतो, पण टाचेवर आपटा बसत नाही. पायडलवर चवड्याऐवजी पायाचा मधला भाग ठेवला, तर पोटरीलाही ताण कमी पडतो.

'एवढे कमी चालून दम टिकेल का?' असे आम्हांला नेहमी विचारतात. अमेरिकेत हिक्सन नावाच्या संशोधकाने १९८१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यात काही माणसांकडून दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, कसून सायकल आणि धावण्याचा व्यायाम करून घेतला. नंतर पंधरा आठवडे काहींचे दिवस चारवर आणले, काहींचे दोनवर. व्यायामाचा जोर आणि वेळ मात्र तोच ठेवला. कमावलेला दम जवळजवळ तसाच टिकला. म्हणजे कापणीच्या आठवड्यात दोनच वेळा चालणे झाले, तर रात्रीची झोप उडवण्याचे कारण नाही. पण हे झाले दमाचे, म्हणजे काळजाचे आणि फुप्फुसांचे. तळव्याचा पट्टा आणि पायाची कातडी हळूहळूच तयार होतात. त्यांना घाई चालत नाही.

सुगीच्या दिवसांत हिशेब करताना शेतकामाचे ओझे सोडून देऊ नये. आम्ही ते सोडून दिले होते. दिवसभर वाकून भात कापले तर कंबर दुखते, पण मऊ जमिनीवर टाचेचे फारसे बिघडत नाही. खरे नडते ते डोक्यावर भारे वाहणे आणि सिमेंटच्या खळ्यावर मळणी यंत्रापाशी दिवसभर अनवाणी उभे राहणे. डोक्यावर पंचवीस किलोचा भारा म्हणजे प्रत्येक पावलागणिक टाचेवर तेवढी भर. म्हणून ज्या दिवशी भारे वाहिले किंवा मळणी केली, त्या दिवशी वेगळे चालायला जाऊ नये. ते काम हेच त्या दिवसाचे चालणे समजावे. खळ्यावर जाड तळाची चप्पल घालावी आणि पायाखाली दोन गोणपाटे टाकावीत. घरातले म्हणतील, खळ्यावर चप्पल? ज्यांना तसे चालत नसेल त्यांनी यंत्रापाशी दुसऱ्याला उभे करावे आणि आपण बसून करण्याचे काम घ्यावे.

प्रवासाचेही असेच आहे. गेल्या खेपेस भाचीच्या लग्नासाठी आम्ही वडोदऱ्याला गेलो. जाऊन-येऊन दोन रात्री गाडीत आणि तीन दिवस पाहुण्यांच्या घरी. थोरल्याच्या मनात होते, की निघण्यापूर्वी दोन दिवसांत आठवड्याचे सगळे चालून घ्यावे. तसे करू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी नेहमीचा एक फेरा घेतला की झाले. चुकलेला फेरा चुकला. परतल्यावर त्याची दुप्पट वसुली केली, की टाच व्याजासकट परत मागते. आल्यावरचा पहिला फेरा तर निम्माच ठेवावा, कारण गाडीत बसून पोटऱ्या आखडलेल्या असतात.

गाडीत दर तासाला पावले वर-खाली वीस वेळा हलवावीत आणि डब्यातून एक चक्कर मारावी. फलाटावर वेळ मिळाला तर तिथे चालावे; चोवीस डब्यांच्या गाडीचा फलाट अर्ध्या किलोमीटरहून लांब असतो, दोन वेळा जाऊन आले की दोन किलोमीटर झाले. हे केवळ टाचेसाठी नाही. चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले. मुळात धोका लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक. पण ज्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, ज्याला पूर्वी गुठळी झाली आहे, त्याने आणि गरोदर बाईने आधी डॉक्टरांना विचारावे. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली व दुखू लागली, तर ती चोळीत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वडोदऱ्यात टाच बिघडवली ती प्रवासाने नव्हे, पादत्राणांनी. लग्नाचे नवे कडक बूट, संगमरवरी फरशीचा हॉल आणि पाहुण्यांच्या घरी अनवाणी वावर. आता आम्ही घरात घालायचे धुतलेले स्लीपर पिशवीतून नेतो. यजमानांना एकदा कारण सांगितले, की कोणी वाईट वाटून घेत नाही.

उपचारांपैकी दोन व्यायाम आम्हांला लागू पडले. सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढून दहा अंक मोजावेत, असे दहा वेळा. दुसरा व्यायाम पायरीवरचा. टॉवेलाची गुंडाळी बोटांखाली घेऊन चवड्यावर उभे राहावे, टाच पायरीबाहेर. तीन अंकांत टाच वर, दोन अंक थांबावे, तीन अंकांत खाली. बारा वेळांचे तीन फेरे, दिवसाआड. सोपे वाटू लागले की पाठीवर पिशवीत वजन घ्यावे. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर हा व्यायाम करून पाहिला व त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. तीन महिन्यांनी नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा पायरीचा व्यायाम करणारे अधिक बरे होते. वर्षाअखेर दोघे सारखेच. आपल्याला हवे आहेत ते तीनच महिने, म्हणून सप्टेंबरात सुरुवात करण्याचा आग्रह.

गोळ्यांबद्दल एक कडक शब्द. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या खाऊन दिवसभर उन्हात चालणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. शरीरातले पाणी कमी झालेले असले तर अधिकच. रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांनी त्या आपल्या मनाने मुळीच घेऊ नयेत. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि २००६ साली गुरांसाठी ते बंद करावे लागले, ही गोष्ट गुरे पाळणाऱ्यांना ठाऊक असेल. दुखणे दाबून चालले, की वर सांगितलेली सकाळची साक्षही खोटी होते. टाचेत घ्यायच्या सुईने काही आठवडे बरे वाटते, पण क्वचित पट्टा तुटतो. यात्रेसाठी म्हणून ती घेऊ नये.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जोरात दुखली, रात्री झोपेतही ठणकली, बधिरपणा किंवा ताप आला, तर ते दुखणे वेगळे असू शकते, डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालूच नये आणि रोज संध्याकाळी तळवे पाहून घ्यावेत.

पण नवस बोललेला असतो, अनवाणी जाण्याचा किंवा सगळी वाट चालण्याचा, त्याचे काय? याच प्रश्नापायी माणसे पाय घालवून बसतात. १९८३ च्या धर्मसंहितेत याची तरतूद आहे. कलम ११९६ प्रमाणे रास्त कारण असेल तर आपले धर्मगुरू खाजगी नवसातून मोकळीक देऊ शकतात. कलम ११९७ प्रमाणे नवस बोलणारा स्वतःच त्याऐवजी तेवढेच किंवा अधिक चांगले कृत्य पत्करू शकतो, आणि त्याहून हलके हवे असेल तर ते धर्मगुरू ठरवून देतात. तेव्हा निघण्यापूर्वी फादरांशी मोकळेपणाने बोलावे.

कणकुंबीला बसल्याच्या पुढच्या वर्षी धाकट्याने तसेच केले. २९ नोव्हेंबरला तो मेळाबरोबर जांबोटीपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी सकाळचे दुखणे पाच होते, म्हणून घाट बसने उतरला. सुमारे आठशे मीटरांची ती उतरण चांगल्या गुडघ्यांनाही सोसत नाही. जे चालतात त्यांनी पावले आखूड टाकावीत आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरावी. साखळीला तो मेळाची वाट पाहत थांबला, मंडळींसाठी पाण्याचे कॅन भरून ठेवले, आणि तिथून माशेल, बाणस्तारी करीत पुढे चालला. २ तारखेच्या संध्याकाळी सगळे बरोबरच जुन्या गोव्यात पोहोचले. फेस्ताच्या सकाळी त्याने पहिली दहा पावले मोजली. दुखणे तीन होते.